रॅप मोजलं कुणी?

सिंडी कॅम्पबेलला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. उन्हाळ्याची सुटी संपत आली होती आणि हाताशी पैसे कमी होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या मोठ्या इमारतीत ती राहायची. तिनं त्या इमारतीतला सामाईक हॉल भाड्यानं घेतला, आमंत्रणं हातानं लिहून वाटली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असं तिकीट ठेवलं, आणि गाणी वाजवायला थोरल्या भावाला बसवलं. तारीख होती ११ ऑगस्ट १९७३. भावाचं नाव क्लाइव्ह, वय अठरा. पोरं त्याला कूल हर्क म्हणायची. रॅप ज्या मोठ्या कुटुंबातलं आहे, त्या हिप-हॉपचा वाढदिवस आज जगभर याच तारखेला साजरा होतो. एका शाळकरी मुलीच्या कपड्यांच्या खर्चातून जगभर पसरलेलं संगीत निघालं, ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

ती कळली भाचीमुळे. भाची अकोल्यात नववीत आहे. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "मामा, आमच्या बाईनं प्रकल्प देल्ला. रॅप मुख्य प्रवाहात कसं आलं, थे लिवून आना म्हने." तिनं फोनवरून शोधून दोन वाक्यं उतरवून ठेवली होती: रॅप अमेरिकेत सुरू झालं, मग 'गल्ली बॉय' सिनेमा आला. मधली पंचेचाळीस वर्षं कुठं गेली, याचा पत्ता नव्हता. आणि मुख्य प्रवाह म्हणजे नेमका कोणता, तो कोण ठरवतं, हे तिच्या बाईंनीही सांगितलं नव्हतं. प्रश्न साधा वाटला म्हणून मी हो म्हणालो. उत्तर शोधताना मात्र आम्ही ब्राँक्सहून निघून थेट पोळ्याच्या तोरणाखाली येऊन उभे राहिलो.

आधी हर्कनं काय केलं ते पाहू. तो जन्मानं जमैकाचा. किंग्स्टन शहरात लहानपणी त्यानं रस्त्यावरचे 'साउंड सिस्टिम' पाहिले होते: गाडीवर लादलेले भले थोरले स्पीकर, समोर नाचणारी गल्ली, आणि माईकवर गाण्याच्या मधेमधे बोलणारा एक जण. हे वर्णन आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिलच्या रात्री अकोल्यात किंवा गणपतीच्या मिरवणुकीत अमरावतीच्या राजकमल चौकात उभं राहिलेल्या कुणालाही नव्यानं सांगावं लागणार नाही. हर्कच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. गाण्यात गायन थांबून नुसता ढोल आणि बास उरतो असा एक छोटा तुकडा असतो, तो आला की पोरं अंगात आल्यासारखी नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांत संपतो. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली हातानं मागे फिरवून तयार. आठ-दहा सेकंदांचा ठेका त्यानं पाहिजे तेवढा लांबवला. त्या लांबलेल्या ठेक्यावर त्याचा मित्र कोक ला रॉक माईकवरून ओळखीच्या पोरांची नावं पुकारायचा, यमक जुळवून दोन शब्द टाकायचा. रॅप तिथून उगवलं. गाणं कुणी लिहायला बसलं नव्हतं. ठेका रिकामा होता आणि तो बोलण्यानं भरला, एवढंच.

हर्क ज्या तबकड्या फिरवायचा त्यात गायक जेम्स ब्राउनच्या होत्या. ब्राउन हा अमेरिकेच्या दक्षिणेतला, कापसाच्या मुलखातला. इथं वऱ्हाडी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. वऱ्हाडातल्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली ती या कापसाच्या ओढीनंच. तिकडे १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, पण कापसाचं शेत आणि कर्ज सुटलं नाही. पुढे १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांकडे गेली आणि आपली गाणी बरोबर घेऊन गेली. हर्कचं घराणं जमैकाचं, म्हणजे त्याच्या पूर्वजांच्या वाट्याला कापूस नव्हे तर ऊस आलेला. पण ब्राँक्सच्या ज्या गल्ल्यांनी त्याला उचलून धरलं, त्यातल्या कितीतरी घरांची मुळं त्या कापसाच्या शेतात होती. एका बाजारपेठेच्या दोन टोकांना राहणाऱ्या या दोन मुलखांची भेट फोनच्या पडद्यावर व्हायला दीडशे वर्षं लागली.

१९७३ ते १९७९ या सहा वर्षांत रॅपचं एकही गाजलेलं रेकॉर्ड निघालं नाही. ब्राँक्समध्ये पोरं रात्र रात्र रॅप करत होती, पण ती पार्टीत घडणारी गोष्ट होती. फार तर कुणीतरी कॅसेटवर टेप करायचं आणि ती कॅसेट हातोहात फिरायची. तबकडी काढायची कल्पना सुचली ती सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईला. तिनं न्यू जर्सीतल्या तीन तरुणांना गोळा केलं, 'शुगरहिल गँग' असं नाव दिलं आणि सप्टेंबर १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' काढलं. चौदा मिनिटांहून लांब गाणं, आणि तरीही अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत पोचलं. गंमत अशी की या तिघांपैकी एकाच्या तोंडच्या ओळी मुळात ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या होत्या. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा. ज्या गाण्यानं रॅप जगाला ऐकू गेलं, त्यातला मोठा वाटा ज्याचा त्याचं नावच तबकडीवर नव्हतं.

यंत्राचाही थोडा हात आहे. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचं ढोल वाजवणारं यंत्र आणलं. खऱ्या ढोलासारखं ते वाजत नाही म्हणून संगीतकारांनी नाक मुरडलं आणि १९८३ मध्ये कंपनीनं ते बंद केलं. बारा हजारांच्या आसपासच यंत्रं बनली. मग ती जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात विकली गेली, आणि स्वस्त म्हणून रॅपवाल्या पोरांच्या हाती लागली. आज लग्नाच्या वरातीत छाती हादरवणारा जो खोल 'धूम' ऐकू येतो, तो त्या नापास यंत्राचा वंशज आहे.

१९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप त्रिकुटानं एरोस्मिथ या रॉक बँडबरोबर 'वॉक धिस वे' केलं, ते चौथ्या क्रमांकावर गेलं. १९८८ मध्ये एमटीव्हीनं रॅपचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. पुस्तकांत मुख्य प्रवाहाची गोष्ट अशीच पायरी पायरीनं सांगितलेली असते, आणि ती खोटी नाही. पण माझ्या मते खरा चमत्कार १९९१ मध्ये घडला, आणि तो घडवणारी वस्तू म्हणजे दुकानातल्या गल्ल्यावरचं बारकोड वाचणारं यंत्र.

त्याआधी अमेरिकेत कोणता अल्बम किती खपला हे कसं ठरायचं? बिलबोर्ड मासिकाची माणसं ठरावीक दुकानांना फोन करायची. दुकानाचा मॅनेजर किंवा काउंटरवरचा पोरगा अंदाजानं सांगायचा: हा पहिला, तो दुसरा. त्याला स्वतःला रॉक आवडत असेल तर रॉक वर. कंपनीच्या माणसानं परवा काही भेट दिली असेल तर त्या कंपनीचा माल वर. रॅप कुणी घेतं का? घेत असेल, पण त्या वस्तीतल्या दुकानाला फोन गेला तर ना. २५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डनं साउंडस्कॅन ही नवी पद्धत अल्बमच्या यादीसाठी वापरली. गल्ल्यावर जितक्या वेळा बारकोड वाचला गेला, तितकी विक्री. अंदाज संपला.

आणि काही आठवड्यांत यादी उलटीपालटी झाली. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन गावातल्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचा अल्बम पहिल्या आठवड्यात दुसरा आला आणि पुढच्या आठवड्यात पहिला. रेडिओ त्यांची गाणी जवळपास वाजवत नव्हता, शिव्यांमुळे आणि पोलिसांवरच्या रागामुळे बड्या माणसांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. तरी अल्बम पहिला, कारण तो खरोखरच खपत होता, आणि घेणाऱ्यांत गोऱ्या, सुखवस्तू वस्त्यांमधली पोरंही भरपूर होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. कंट्री म्हणजे खेड्यापाड्यांतलं, शेतकरी-गुराख्यांचं संगीत. एकाच मोजणीनं दोन्ही बाहेर काढलं: शहरातल्या गरीब काळ्या वस्तीचं गाणं आणि खेड्यातल्या गोऱ्या माणसाचं गाणं. दोघांचेही श्रोते आधीपासून होते. मोजणाऱ्याचा फोन त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

हे वाचल्यावर मी भाचीला म्हणालो, "तुझा प्रकल्प बदलला. रॅप मुख्य प्रवाहात कसं आलं हे विचारायचं नाही. रॅप मोजलं कुणी, हे विचारायचं." ती म्हणाली, "मामा, बाई मार्क कापतीन." कापतील कदाचित. पण आम्ही त्याच वाटेनं पुढे गेलो.

अमेरिकेचं पुढचं दोन वाक्यांत सांगता येतं. २०१७ मध्ये नील्सन या मोजणी करणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की हिप-हॉप आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) मिळून अमेरिकेत रॉकपेक्षा जास्त ऐकलं जातं. २०१८ मध्ये रॅपर केंड्रिक लमारच्या 'डॅम' या अल्बमला पुलित्झर पारितोषिक मिळालं. तोवर संगीतातलं हे पारितोषिक शास्त्रीय आणि जॅझ यांच्या बाहेर गेलंच नव्हतं.

आता आपल्याकडे. रॅपच्या चालीचं बोलणं हिंदी सिनेमानं फार आधी ऐकलंय. 'आशीर्वाद' (१९६८) मधलं अशोककुमारच्या आवाजातलं आगगाडीचं गाणं आठवा. १९९२ मध्ये बाबा सहगलचा 'ठंडा ठंडा पानी' आला आणि आमच्या पिढीनं रॅप हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पण मोजणी? कधीकाळी रेडिओवरच्या बिनाका गीतमालेत अमीन सायानी रेकॉर्डच्या दुकानांची विक्री आणि श्रोता संघांचा कौल घेऊन गाण्यांना पायदान द्यायचे. ती मोजणी हिंदी सिनेमाच्या गाण्यांची होती. मग १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि भजनं, भीमगीतं, कव्वाल्या, लोकगीतं गावोगाव खपू लागली. त्यांची यादी कुणी ठेवली नाही. त्यानंतर मोबाइल आला, आणि अमरावतीच्या बसस्टँडसमोर काय किंवा अकोट-दर्यापूरच्या बाजारात काय, मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं निघाली. आठवतात? कार्ड द्यायचं, "नवीन नवीन टाक बावा" म्हणायचं, चहा पिऊन यायचं. वऱ्हाडातली एक अख्खी पिढी काय ऐकत होती याचा सगळ्यात खरा हिशेब त्या दुकानदारांच्या डोक्यात होता. त्यांना फोन करून कुणी विचारलं नाही.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. जानेवारी २०१४ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझीनं 'आफत' हे गाणं एका आयपॅडवर तयार करून इंटरनेटवर टाकलं. २०१५ मध्ये रॅपर डिवाइन आणि नेझीचं 'मेरे गली में' आलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, कित्येक महिने डेटा फुकट मिळाला, आणि मेमरी कार्डाची दुकानं बसली. १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा रॅपवरचा सिनेमा 'गल्ली बॉय' आला, त्यानं फिल्मफेअरची विक्रमी १३ पारितोषिकं नेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या वस्तीतला रॅपर एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकला. 'गल्ली बॉय'नं रॅप मुख्य प्रवाहात आणलं, हे उत्तर भाचीच्या वर्गातले निम्मे तरी लिहितील. माझ्या लेखी ते आळशी उत्तर आहे. सिनेमा येण्याच्या सुमारे अडीच वर्षं आधीच खेड्यातल्या पोराच्या हातात फुकट डेटा आला होता, आणि त्यानं कोणतं गाणं किती वेळा ऐकलं हे पहिल्यांदाच कुठंतरी आकड्यात नोंदलं जात होतं. साउंडस्कॅननं १९९१ मध्ये अमेरिकेत केलं ते आपल्याकडे यूट्यूबच्या व्ह्यूजनं केलं.

हीदेखील मोजणी धुतल्या तांदळासारखी नाही, हे मुलांना सांगायला हवं. जुलै २०१९ मध्ये रॅपर बादशाहच्या 'पागल' या गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. यूट्यूबनं तो विक्रम मानला नाही, आणि त्याच सप्टेंबरात जाहिरातीतून मिळालेले व्ह्यूज २४ तासांच्या विक्रमात धरणार नाही, असा नियम केला. दुकानातला काउंटरवरचा पोरगा गेला, पण भेटवस्तू देणारा कंपनीचा माणूस अजून आहेच.

एवढं झाल्यावर भाचीची आजी, म्हणजे माझी आई, मधे बोलली. ती कितीतरी वेळ पलंगावर बसून आमचं ऐकत होती. "हे तं पोयाच्या झडत्या वानीच हाय ना रे."

झडत्या! ज्यानं वऱ्हाडातला पोळा पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. श्रावण अमावास्येला गावातले बैल सजून येतात. आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकलेले असतात, शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरू. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे राहतात. आणि पोळा फुटण्याआधी, म्हणजे तोरण तुटून बैल घराकडे निघण्याआधी, माणसं झडत्या म्हणतात. एक जण मोठ्यानं दोन-चार यमकांच्या ओळी फेकतो. त्यात कापसाचा भाव असतो, सोसायटीचं कर्ज असतं, पुढारी असतो, सावकार असतो, कधी गावातल्याच कुणाची चेष्टा. शेवटी गौरा-पार्वतीला नमन आणि महादेवाचा गजर, त्यात सगळं गाव आवाज मिसळतं. मग पलीकडच्या टोळीतला दुसरा उठतो आणि पहिल्याला उत्तर देतो. त्याचं यमक सरस असलं तर पोरं शिट्ट्या मारतात. नसलं तर तो बिचारा पुढच्या पोळ्यापर्यंत ऐकून घेतो. ब्राँक्समधल्या रॅपच्या जुगलबंदीत याहून वेगळं काय असतं?

एकदा ही खिडकी उघडली की वऱ्हाड भरभरून सापडतं. गाडगेबाबा, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. त्यांच्या कीर्तनात आख्यान कमी आणि सवाल जास्त. ते वऱ्हाडीत प्रश्न फेकायचे, समोरचा जमाव उत्तर द्यायचा, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. नवसाची बकरी, कर्ज काढून केलेलं लग्न, अस्पृश्यता, सगळं त्या प्रश्नांत सोलून निघायचं. त्यांच्या शेवटच्या काळातलं, नोव्हेंबर १९५६ चं मुंबईतलं वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. भाचीला मी ते ऐकायला लावलं, अट एकच: शब्दांकडे नाही, श्वासाकडे लक्ष दे, बाबा कुठं थांबतात आणि लोक कुठं तुटून पडतात ते बघ. तुकडोजी महाराज, जन्म १९०९, यावली. त्यांच्या हातात खंजिरी. एक हात, एक चामडं, चार झांजा, आणि त्या ठेक्यावर ग्रामसफाईपासून स्वातंत्र्यापर्यंत काहीही. शाहिरीत कलगी-तुऱ्याचे सामने: कलगीवाले शक्तीला मोठं मानणार, तुरेवाले शिवाला, आणि डफ-तुणतुण्यावर रात्रभर एकमेकांना कोडी घालून अडवणार. आणि यमकाचं शास्त्र म्हणाल तर मराठी गझलेचे सुरेश भट अमरावतीचेच. शेरातला काफिया आणि रदीफ कसा बसवायचा हे त्यांनी नव्या कवींना बाराखडीसारखं शिकवलं.

आता मोह होतो तो लगेच म्हणून टाकायचा: रॅप मुळात आपलंच. व्हॉट्सअॅपवर असे संदेश फिरतातच. हे मी भाचीला लिहू दिलं नाही. ब्राँक्सच्या पोरांनी झडती ऐकली नव्हती आणि झडतीवाल्या कास्तकारानं हर्क ऐकला नव्हता. बोलायला रिकामी जागा, जमलेली माणसं आणि मनात साचलेलं बोलणं एकत्र आलं की यमक आणि टोमणा जगात कुठंही उगवतो, इतकंच. आणि फरकही नीट पाहिला पाहिजे. झडतीत आधी ओळी, मग गजर. बोलताना मागे ठेका नसतो, त्यामुळे म्हणणारा आपल्या दमानं थांबतो, पसरतो. रॅपमध्ये ठेका कुणासाठी थांबत नाही. मिनिटाला ९० ठोक्यांच्या साधारण गतीत चार ठोक्यांचा एक खंड २.७ सेकंदांत संपतो. १६ खंडांचं कडवं, म्हणजे रॅपचं नेहमीचं माप, पाऊण मिनिटाच्या आत. एवढ्यात सगळं म्हणायचं, श्वासही घ्यायचा.

हे करून बघता येतं. फोनवर ९० च्या गतीचा कोणताही फुकटचा बीट लावा. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, बीटचे दोन खंड धरले की आठ ठोके होतात, त्यामुळे खंजिरीवाल्या कानाला हे अंतर परकं वाटत नाही. अडचण टाळीची. रॅपमध्ये जोराचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो, आपला हात पहिल्यावर पडायला बघतो. तो मागे धरायला थोडा सराव लागतो. मग त्यावर एखादी झडती म्हणा. मी या लेखासाठी एक जुळवली:

नयाले नाही पानी, पावसाया गेला वाया,
पोट्ट्यायले सुट्टी देल्ली, गयते म्हने शाया.

पाऊसच नाही, तरी शाळा गळते म्हणून सुटी. असो, कोणत्या गावची ते विचारू नका. यातली गंमत यमकाची आहे. पुण्याच्या मराठीत "पावसाळा गेला वाया" जुळत नाही. ळ आणि य एकमेकांना भेटत नाहीत. वऱ्हाडीत ळ चा य होतो, आणि पावसाया, शाया, वाया, पाया, माया ही सगळी एका पंगतीत जेवायला बसतात. बोलीनं यमकांचं कोठार दुप्पट केलं. विठ्ठल वाघांच्या वऱ्हाडी कवितांना वऱ्हाडाबाहेरच्या सभांमध्ये जी दाद मिळत आली त्यात या उच्चारांच्या गोडीचा वाटा आहे, असं मला वाटतं. उलट मराठी रॅप लिहिणाऱ्या नवख्या पोरांचा एक दोष इथंच दिसतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून गेला-मेला-केला असं यमक फुकट मिळतं, आणि फुकटचं सारखं वापरलं की कान विटतो. अमेरिकेत १९८७ च्या सुमारास राकिम या रॅपरनं यमक ओळीच्या पोटात नेलं, दोन-तीन अक्षरांची जोडी मधेच जुळवली, आणि तेव्हापासून नुसतं शेवटचं यमक बाळबोध वाटू लागलं. भटांची गझल वाचणाऱ्या अमरावतीच्या पोराला हे लवकर कळायला हरकत नाही.

अशी पोरं आहेत का? आहेत. अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचारांचं रॅप करतो. त्याच्यामागे आंबेडकरी जलशांची शंभर वर्षांजवळ जाणारी परंपरा आहे: भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, कव्वालीचे सामने, जयंतीचे डीजे. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटानं २०१९ मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं. महादेव कोळी समाजातली माही जी आदिवासींच्या हक्कांवर रॅप करते. आणि राग वगैरे बाजूला ठेवून नुसतं नाचवणारं मराठी रॅपही आहेच. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं आणि परदेशी डीजेंनी ते वाजवलं. मला स्वतःला रागाचं रॅप जास्त आवडतं, पण वरातीत कुणी माझं मत विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मोजणीबरोबर आली. २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय रॅप केल्याबद्दल तरुणांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. झडतीवाल्यानं पुढाऱ्याला त्याहून तिखट बोललेलं मी ऐकलं आहे, तेही पुढाऱ्याच्या तोंडावर, आणि पुढाऱ्यानं हसून फेटा सावरला आहे. झडती गावाच्या हवेत विरते. फोनवर टाकलेलं रॅप विरत नाही; जे मोजता येतं ते पुराव्यालाही चालतं. सरकारनं गाण्याला भ्यायचं हेही विदर्भाला नवं नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टीत लोक उठले, त्यामागे तुकडोजींच्या भजनांची चिथावणी आहे असं इंग्रज सरकारला वाटलं, आणि खंजिरीवाल्या महाराजांना तुरुंगात टाकलं. चिमूरच्या तरण्यांनी त्यांची भजनं किती वेळा ऐकली होती, याचा आकडा सरकारकडे नव्हता. तरी सरकारला अंदाज आला होता.

भाचीचा प्रकल्प आता तीन भागांत आहे. पहिल्यात ब्राँक्स ते बिलबोर्ड. दुसऱ्यात मेमरी कार्ड भरून देणाऱ्या एका जुन्या दुकानदाराची मुलाखत. तो आता मोबाइल दुरुस्त करतो, आणि कोणत्या वर्षी लोक काय मागायचे हे त्याला अजून धडाधड आठवतं. तिसरा भाग पोळ्यानंतर पुरा होईल, कारण झडत्या छापील फार थोड्या सापडतात आणि ज्या सापडतात त्यांवर गाव आणि साल नसतं. म्हणून तिच्यासाठी एक तक्ता आखून दिला: गाव, तारीख, म्हणणाऱ्याचं नाव आणि वय, त्यानं ती स्वतः रचली की कुणाकडून ऐकली, त्या वर्षी कापसाचा भाव काय होता, गजर किती जणांनी दिला. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी त्याला विचारायचं. नाव लिहायचं की नाही हेही त्यानंच सांगायचं. उत्तर देणाऱ्या टोळीसाठी तेवढीच जागा सोडली आहे. आजीनं तक्ता पाहून एक रकाना वाढवायला लावला: बाया काय म्हणत होत्या. तोरणाखाली त्यांना कुणी झडती म्हणू देत नव्हतं, पण घरी बैल ओवाळताना त्या जे बोलायच्या ते पुढाऱ्याला ऐकवलं असतं तर त्यानं फेटा सावरला नसता, असं तिचं म्हणणं आहे.